‘आता जा’ म्हणता येतं का?

मालदीवच्या सरकारने ‘जा’ म्हटलं आणि तिथले भारतीय जवान १० मे २०२४ पर्यंत परत आले. नव्वदीच्या आत होते ते. दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्निअर विमान चालवायचं, दूरच्या बेटांवरून आजारी माणसं उचलून आणायची, समुद्रावर नजर ठेवायची, असं त्यांचं काम. त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले आणि विमानं होती तिथेच राहिली. गोष्ट खरं तर इथे संपायला हवी होती. पण आपल्याकडे शेजारी देशांचा विषय निघाला की अजून तीच दोन वाक्यं कानावर येतात. पहिलं : ऐंशी-नव्वद माणसांनी कुणाचं सार्वभौमत्व बुडतं का? दुसरं : १९८८ मध्ये यांचं सरकार आपल्याच छत्रीधारी सैनिकांनी वाचवलं, आणि आता हे आपल्यालाच दार दाखवतात. याला विरोध करणारेही तितकेच ठोकळेबाज. त्यांच्या मते परक्या भूमीवर उभा असलेला कोणताही सैनिक हा साम्राज्यवादच, मग तो रुग्ण वाहून नेत असो की रणगाडा चालवत असो.

मला हे दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या हिशेबात अडकलेले दिसतात. एक जण शिरगणती करतो आणि आकडा लहान आहे म्हणून निश्चिंत होतो. दुसरा आकडा शून्य नाही म्हणून संतापतो. परदेशात उभी असलेली फौज काय चीज आहे हे तिच्या संख्येवरून कळत नाही, आणि तिने पूर्वी केलेल्या उपकारावरून तर मुळीच नाही. यजमानाने ‘आता जा’ म्हटलं तर ती जाते का, आणि तसं म्हणण्याइतकी ताकद यजमानाच्या अंगात उरलेली असते का, एवढंच तपासायचं असतं. हे समजायला मराठी माणसाला मालेपर्यंत जायचीही गरज नाही. शाळेत ‘तैनाती फौज’ नावाचा मुद्दा होता. त्याच्या अटी आपण पाठ केल्या, गुण मिळवले आणि ती फौज गळ्यात बांधणाऱ्या गव्हर्नर जनरल वेलस्लीसकट विसरून गेलो.

तो मुद्दा पुन्हा उघडू. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेला धूळ चारली. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला, कोकणात उतरला आणि समुद्रमार्गे वसईला पोहोचला. ३१ डिसेंबरला तह झाला. कंपनीने सुमारे सहा हजार पायदळ आणि त्यासोबतचा तोफखाना पेशव्यांच्या मुलखात ठेवायचा. त्याच्या खर्चासाठी पेशव्यांनी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय देशांच्या लोकांना चाकरीत ठेवायचं नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यात इंग्रजांचा निवाडा मानायचा. बाहेरच्या सत्तांशी बोलणी करायची तर कंपनीला विचारून. पुढच्या मे महिन्यात गव्हर्नर जनरलचा भाऊ आर्थर वेलस्ली याच्या संगिनींच्या बंदोबस्तात बाजीराव पुण्यात परतला आणि गादीवर बसला.

आता शिरगणतीवाल्याला विचारा. सहा हजार म्हणजे किती? एकट्या शिंद्यांच्या कवायती पलटणींतच त्याच्या कितीतरी पट माणसं होती. पुण्यात तेव्हा कुणी म्हणालं असतं, ‘एवढ्याशा पलटणींनी स्वराज्य बुडतं का?’, तर आकड्याच्या दृष्टीने तो चूक नव्हता. त्याची चूक दुसरीकडे होती. या तहाच्या नावातच ‘निरंतर’ हा शब्द होता. फौज कधी परत जाणार याचं कलम नव्हतं. खर्च रोख रकमेत दिला असता तर एखाद्या वर्षी हात आखडता घेता आला असता, घासाघीस करता आली असती. मुलूखच तोडून दिल्यावर तोही मार्ग बंद झाला. आणि ही फौज नको म्हणायचं तर मदतीला कुणाला बोलवायचं? शिंद्यांना, होळकरांना, निजामाला स्वतंत्रपणे पत्र लिहिणं हाच तहाचा भंग ठरत होता. बाजीरावाने शेवटी ‘जा’ म्हटलं ते ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या मैदानात, आणि ते म्हणायला त्याच्याजवळ लढाईशिवाय दुसरी भाषा राहिली नव्हती. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. बाजीरावाने स्वतःहून बोलावलं ना? कुणी त्याच्या मानेवर तलवार ठेवली होती का? होळकरांच्या फौजेने पुण्यात काय केलं ते पुणेकरांना विचारायचं होतं. रस्त्यावरच्या माणसाला बाजीराव परत आला तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं असणार. दुबळ्याने बलवानाचा आसरा घेणं यात गैर काय? हे सगळं मान्य करतो. आमंत्रण खरं होतं आणि भीतीही खरी होती. पण आमंत्रण कुणी दिलं आणि भीती कुणाची होती? पेशव्याची. आणि फौज आली ती पेशव्याच्या गादीला टेकू द्यायला. हा टेकू लागल्यावर राज्याचं काय होतं हे सर्वांत स्वच्छ ओळखलं ते कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने. टॉमस मन्रो हा काही मराठ्यांचा हितचिंतक नव्हता. १८१७-१८ च्या युद्धात तो आपल्याविरुद्धच लढला. त्याच १८१७ साली गव्हर्नर जनरलला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं की तैनाती फौज जिथे जाते तिथलं सरकार दुर्बळ आणि जुलमी होतं. कारण उघड आहे. पूर्वी राजा नालायक निघाला तर दरबारात कट व्हायचा, सरदार बिथरायचे, शेजारी चालून यायचा, काहीतरी व्हायचं. आता असंतोषाने डोकं वर काढलं की इंग्रजी पलटण हजर. राजाला प्रजेची मर्जी सांभाळायचं कारणच उरलं नाही, त्याने रेसिडेंटची, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीची, मर्जी सांभाळली की झालं. अवधमध्ये हेच झालं. १८०१ साली नबाबाकडून जवळजवळ अर्धं राज्य फौजेच्या खर्चापोटी घेतलं, उरलेल्या अर्ध्यात कारभार बिघडू दिला, आणि १८५६ मध्ये ‘कारभार बिघडला’ हेच कारण देऊन तेही खालसा केलं.

ग्वाल्हेरची कथा तर जवळपास विनोदी आहे. तिथली ‘कंटिन्जंट’ नावाची फौज शिंद्यांच्या पैशावर पोसलेली आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. १८५७ मध्ये तिने दोघांचंही ऐकलं नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती तात्या टोप्यांबरोबर कानपुरावर चालून गेली.

इथवर वाचून मराठी वाचकाला बरं वाटत असेल : आपण बळी, ते कपटी. म्हणून चौथाईबद्दल बोलायला हवं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार घोडेस्वार बादशहाच्या चाकरीला तयार ठेवायचे होते. म्हणजे कागदावर ती संरक्षणाची किंमत होती. वेलस्लीच्या आधी ऐंशी वर्षं आपण तोच सौदा मांडला होता, फक्त आपली बाजू पलीकडची होती. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर दरसाल चालून जात होत्या. शेवटी १७५१ मध्ये अलिवर्दीखानाने बारा लाखांची चौथाई कबूल केली आणि ओरिसाचा महसूल सोडला. बंगालमध्ये आईने मुलाला निजवताना ज्याची भीती घातली तो ‘बर्गी’ म्हणजे आपला बारगीर. त्यालाही कुणी ‘जा’ म्हणू शकत नव्हतं. पैसे देऊन ‘येऊ नकोस’ एवढंच म्हणता येत होतं. महाराष्ट्रात चौथाईचं वर्णन ‘अटकेपार’च्या सुरात होतं आणि तैनाती फौजेचं फितुरी-गुलामीच्या सुरात. दोन्ही एकाच तागडीत तोलायची आपली तयारी नसेल तर मालदीवच्या लोकांना कृतघ्न म्हणायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

दुसरा आक्षेप यापेक्षा अवघड आहे, आणि साम्राज्यवादाची घोषणा देणारे तो नेहमी टाळतात. फौज असते म्हणून युद्ध टळतं. कोरियाचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या जून १९४९ पर्यंत दक्षिण कोरियातून निघून गेल्या, मागे काही शे सल्लागार राहिले. जानेवारी १९५० मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आपल्या संरक्षणरेषेचं जाहीर वर्णन केलं आणि त्यात कोरिया नव्हता. २५ जूनला उत्तरेकडून हल्ला झाला. त्यानंतरच्या तीन वर्षांत तो देश दोनदा-तीनदा जात्यातून निघाला. १९५३ च्या करारानंतर अमेरिकी फौज तिथे आहे आणि तसं युद्ध पुन्हा झालेलं नाही. याच्याकडे डोळेझाक करून कुणी ‘सगळे तळ बंद करा’ म्हणत असेल तर त्याने सोलमध्ये जाऊन हे बोलून पाहावं.

तरीही या उदाहरणाने माझी कसोटी मोडत नाही, उलट ती जास्त काटेकोर करावी लागते. फौजेने रक्षण केलं का, हा एक प्रश्न. रक्षण होत असताना यजमान स्वतः उभा राहिला का, हा दुसरा. कोरियात लष्करशाही हटून निवडणुकांचं राज्य आलं, उद्योग वाढले, स्वतःचं सैन्य बलाढ्य झालं, शांतताकाळातल्या सैन्याचं नियंत्रण १९९४ मध्ये कोरियन सेनापतींकडे परत आलं. युद्धकाळातलं नियंत्रण अजून आलेलं नाही, आणि त्यावर तिथे उघड वाद चालतो. असा वाद बाजीरावाच्या पुण्यात होणं शक्य होतं का? फौजेचा यजमान दिवसेंदिवस बळकट होत असेल तर ती मदत आहे. तो दिवसेंदिवस वाळत चालला असेल तर बांडगुळ म्हणावं, मग त्याची फुलं कितीही छान असोत.

फिलिपाइन्सचं उदाहरण दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने देतात. १९४७ मध्ये अमेरिकेने तिथे ९९ वर्षांच्या कराराने तळ घेतले होते. पुढे वाटाघाटी होऊन मुदत १९९१ पर्यंत आणली गेली. त्या वर्षी जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखीने क्लार्क विमानतळाची राख केली, आणि १६ सप्टेंबरला सिनेटने नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुबिक बेवरून शेवटची अमेरिकी तुकडी निघाली. जगातल्या सर्वांत बलाढ्य आरमाराला बारा सिनेटरांनी ‘जा’ म्हटलं आणि ते गेलं. तळवादी लगेच म्हणतील, पुढचंही सांगा : दक्षिण चीन समुद्रात १९९५ मध्ये चीनने मिस्चिफ रीफ घेतला, २०१२ मध्ये स्कारबरोवर ताबा बसवला. बरोबर आहे. तळ गेल्याची किंमत फिलिपाइन्सने मोजली. पण मग काय झालं? २०१४ मध्ये त्याच देशाने अमेरिकेशी नवा करार केला : कायमचे तळ नाहीत, बांधकामाची मालकी फिलिपाइन्सची, मुदत सुरुवातीला दहा वर्षांची. ज्याला ‘जा’ म्हणता आलं त्यालाच ‘ये, पण माझ्या अटींवर’ असं म्हणता आलं. १९४७ चा फिलिपाइन्स हे म्हणू शकला नसता.

उलट बाजू पाहायची तर सेवास्तोपोल. सोव्हिएत संघ फुटल्यावर काळ्या समुद्रातलं रशियाचं आरमार युक्रेनच्या बंदरात राहिलं. १९९७ च्या करारात त्याला २०१७ पर्यंतची मुदत मिळाली, आणि वर्षाचं भाडं, सुमारे १० कोटी डॉलर, युक्रेनच्या गॅसच्या कर्जातून वळतं करायचं ठरलं. २०१० मध्ये गॅस स्वस्त देण्याच्या बदल्यात मुदत २०४२ पर्यंत वाढवून घेतली. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये सेवास्तोपोल ज्यात आहे तो अख्खा क्रिमिया रशियाने घेतला. त्यानंतरच्या भाषणात पुतिन यांनी काय सांगावं? क्रिमियातल्या आपल्या सैन्याची करारात ठरलेली २५,००० ची मर्यादा आपण ओलांडलेली नाही! आकडा मर्यादेत असेलही. ऐंशी माणसांनी सार्वभौमत्व बुडतं का, असं विचारणाऱ्यांनी हे वाक्य एकदा शांतपणे ऐकावं. भाडं कर्जात वळतं होत होतं, मुदत स्वस्त गॅसच्या बदल्यात वाढत होती, आणि यजमान दर हिवाळ्याला गॅससाठी हात पसरत होता. त्या हिशेबात ‘जा’ म्हणायची सोय केव्हाच संपली होती.

क्यूबाचं तर विचारायलाच नको. ग्वांतानामोच्या अमेरिकी तळाचा करार १९०३ चा, आणि १९३४ च्या तहाप्रमाणे तो संपवायला दोघांचीही संमती लागते. भाड्याचा धनादेश दरवर्षी निघतो, ४,०८५ डॉलरचा, आणि क्यूबाचं सरकार तो वटवत नाही. घरमालक साठहून अधिक वर्षं ‘खोली खाली करा’ म्हणतोय आणि भाडेकरू नेमाने भाडं पाठवतोय. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे प्रकरण फारसं समजावून सांगावं लागणार नाही.

माझ्या कसोटीला खरा धक्का देतं ते ओकिनावा. जपान लोकशाही देश आहे, अमेरिकेशी करार त्याने राजीखुशीने केला आहे, आणि उद्या टोकियोने ‘जा’ म्हटलं तर अमेरिका जाईल असं मानायला जागा आहे. पण जपानमधल्या निव्वळ अमेरिकी वापराच्या लष्करी जागेपैकी जवळजवळ ७० टक्के जागा ओकिनावात आहे, आणि ओकिनावा म्हणजे जपानच्या भूमीचा ०.६ टक्का. फेब्रुवारी २०१९ मध्ये हेनोको इथल्या नव्या तळासाठी भराव घालण्यावर तिथे सार्वमत झालं. मतदान केलेल्यांपैकी सुमारे ७२ टक्क्यांनी विरोध केला. भराव चालूच राहिला. मग यजमान कोण? संरक्षण मिळतं टोकियोला, विमानांचा आवाज आणि अपघात ओकिनावाला, आणि ‘जा’ म्हणायचा अधिकारही टोकियोलाच. पेशवा बोलावतो आणि रयत सोसते, ही रचना लोकशाहीतही टिकून राहते हे मला कबूल करावं लागतं. म्हणून ‘यजमान देशाची संमती आहे’ एवढ्या एका वाक्यावर मी आता समाधान मानत नाही. ती संमती कुणाच्या अंगणातून दिली गेली हेही विचारतो.

आपल्या देशाचं काय? ढाक्याचं उदाहरण मला अभिमानाचं वाटतं. १६ डिसेंबर १९७१ ला शरणागती झाली. भारतीय फौज तिथे होती, नवं सरकार आपल्यावर अवलंबून होतं, राहायचं म्हटलं असतं तर कारणांना तोटा नव्हता. फेब्रुवारीत कोलकात्याच्या भेटीत शेख मुजीब यांनी इंदिरा गांधींकडे विषय काढला आणि १२ मार्च १९७२ ला आपली फौज निरोपाचं संचलन करून निघाली. तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. श्रीलंकेत तेवढी शोभा राहिली नाही. जुलै १९८७ च्या करारानंतर गेलेली शांतिसेना ज्यांच्यात समेट घडवायला गेली होती त्यांच्यातल्याच एका पक्षाशी, तमिळ वाघांशी, लढू लागली. जवळजवळ बाराशे भारतीय जवान तिथे पडले. अध्यक्ष प्रेमदासांनी १९८९ च्या जूनमध्ये, जुलैअखेर परत जा, असं जाहीर सांगितलं. आपण कां-कूं करत मार्च १९९० मध्ये परतलो. ज्यांच्या घरचा माणूस तिथे गेला त्यांना हा नऊ महिन्यांचा हिशेब वेगळा सांगायला नको. मालदीवहून मात्र ठरलेल्या तारखेला परत आलो, आणि माझ्या मते ते आपल्या परराष्ट्र धोरणातलं अलीकडचं एक शहाणपणाचं काम होतं. जे त्याला माघार म्हणतात ते एक विसरतात : बोलावल्यावर चोवीस तासांच्या आत पोहोचणारं आणि सांगितल्यावर परत जाणारं सैन्य ज्या देशाकडे आहे, त्याला पुढच्या संकटात पुन्हा हाक मारायला शेजारी कचरत नाही.

हे लक्षात ठेवायचं कारण पुढे आहे. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर आपण बांधलेली धावपट्टी आणि धक्का फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. हिंदी महासागरात असं काम वाढणार, वाढायलाही हवं. चीनने २०१७ पासून जिबूतीत तळ थाटला आहे आणि आपण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बसून लाटा मोजाव्यात असं कुणी म्हणत नाही. वाद व्हायला हवा तो करारांच्या मसुद्यावर. मुदत किती, खर्च कुणाचा, तो कर्जात वळता होतो का, हुकूम कुणाचा, आणि बाहेर पडायचं कलम कितव्या पानावर आहे? आपल्या वाहिन्यांवर या विषयावर तासन्‌तास चर्चा होते आणि यातला एकही प्रश्न मी तिथे ऐकलेला नाही.

कारण फौजेपेक्षा तिचं बिल चिवट असतं, आणि हे वऱ्हाडाइतकं कुणालाच माहीत नसावं. निजामाच्या गळ्यात तैनाती फौजेखेरीज आणखी एक फौज अडकवली गेली होती, हैदराबाद कंटिन्जंट. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. हिंगोली, अंबाजोगाई, तेव्हाचं औरंगाबाद, एलिचपूर (आजचं अचलपूर) इथे छावण्या. परतवाडा हे गावच त्या छावणीभोवती वाढलेलं. शांततेच्या काळात अशी फौज पोसावी असं निजामाशी झालेल्या १८०० च्या तहात कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण ती होती, म्हणून पगार थकला. पगार थकला, म्हणून कर्ज झालं. कर्ज झालं, म्हणून १८५३ मध्ये डलहौसीने वऱ्हाड आणि आणखी काही मुलूख कारभारासाठी ताब्यात घेतला. १८६० मध्ये सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ झालं आणि धाराशिव-रायचूरकडचा भाग परत मिळाला. वऱ्हाड नाही. दिवाण सालारजंगने मग प्रस्ताव ठेवला की फौजेचा खर्च व्याजातून निघेल एवढी ठेव ठेवतो, आमचा मुलूख परत द्या. त्यासाठी १८७६ मध्ये तो लंडनपर्यंत जाऊन आला. नकार मिळाला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाखांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं. पुढच्याच वर्षी हैदराबाद कंटिन्जंट इंग्रजांच्या भारतीय सैन्यात विलीन झाली. जिच्या पगारासाठी वऱ्हाड गहाण पडलं होतं ती फौज आता अस्तित्वातच नव्हती. १९३६ मध्ये निजामाला ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’ अशी पदवी बहाल झाली, त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणू लागले. अकोला-अमरावतीचा कारभार तेव्हाही नागपुराहूनच चालत होता.